गुंतवणूक सिद्धांताचा विकास

भविष्यकाळात मिळू शकणाऱ्या उत्पन्नाचे आजचे मूल्य किती मानावे आणि त्यासाठी किती जोखीम पतकरावी, या दोन प्रश्नांचा पद्धतशीर विचार म्हणजे गुंतवणूक सिद्धांत होय. यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने लवकर सापडले. दुसऱ्याचा शोध मात्र अद्यापि चालू आहे.

मूल्यमापनाची परंपरा सतराव्या शतकापर्यंत मागे जाते. डच मुत्सद्दी योहान द विट याने १६७१ मध्ये सरकारी वार्षिकींची किंमत ठरविताना चक्रवाढ व्याज व मानवी आयुर्मानाची संभाव्यता यांची सांगड घातली. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर याने १९३० च्या ग्रंथात भावी उत्पन्नाचे वर्तमान मूल्य ही संकल्पना व्याजाच्या सिद्धांताशी जोडली आणि जॉन बर विल्यम्स याने १९३८ मध्ये तिचा वापर शेअरच्या बाबतीत केला. भविष्यात मिळणाऱ्या सर्व लाभांशांचे आजचे मूल्य म्हणजेच शेअरचे खरे मूल्य, असे त्याने प्रतिपादिले. तथापि हे लाभांश अंदाजानेच ठरवावे लागतात. खुद्द फिशरने १९२९ च्या मंदीपूर्वी शेअरबाजाराविषयी वर्तविलेले आशादायक भाकीत चुकले आणि त्यात त्याची स्वतःची संपत्तीही बुडाली.

जोखमीचा गणिती विचार प्रथम फ्रान्समध्ये झाला. ल्वी बाशल्ये याने १९०० मध्ये पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधात बाजारभावांतील चढउतार यदृच्छ मानून त्यांना संभाव्यतेचे गणित लावले. हे कार्य सुमारे अर्धशतक अर्थशास्त्रज्ञांकडून दुर्लक्षित राहिले. १९५२ मध्ये हॅरी मार्कोविट्झ याने एकेका रोख्याऐवजी संपूर्ण रोखेसंग्रहाचा विचार करावा, असे दाखवून दिले. छत्र्यांचा व आइसक्रीमचा असे दोन कारखाने घेतल्यास एकाचा मंदीचा हंगाम हा दुसऱ्याच्या तेजीचा असतो; म्हणून दोहोंत पैसे गुंतविणाऱ्याची एकूण जोखीम घटते. विविधीकरणाचा हा व्यावहारिक शहाणपणा जुनाच होता. मार्कोविट्झने त्याला मोजमाप दिले. विल्यम शार्प याने १९६४ मध्ये याच विचाराचा पुढे विस्तार केला. विविधीकरणाने टाळता येणाऱ्या जोखमीचा मोबदला बाजार देत नाही. संपूर्ण बाजाराबरोबर येणाऱ्या जोखमीचाच देतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

उपलब्ध माहिती भावांत आधीच सामावलेली असते, या कार्यक्षम बाजाराच्या कल्पनेचे यूजीन फामा याने १९७० मध्ये विवेचन केले. बाजारावर मात करणे दुष्कर असेल, तर संपूर्ण बाजारच अल्प खर्चात विकत घ्यावा, या विचाराने जॉन बोगल याने १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी निर्देशांक निधी सुरू केला. दरम्यान १९७३ मध्ये फिशर ब्लॅक, मायरन शोल्स व रॉबर्ट मर्टन यांनी विकल्प करारांच्या किंमतीचे सूत्र सिद्ध केले.

या सिद्धांतांचे यश ज्या गृहीतांवर उभे होते, तीच त्यांची मर्यादा ठरली. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२ टक्क्यांहून अधिक घसरला. शोल्स व मर्टन ज्या गुंतवणूक संस्थेत भागीदार होते, ती १९९८ मध्ये, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर वर्षभरातच, डबघाईस आली व बँकांना सुमारे ३६० कोटी डॉलर ओतून तिला सावरावे लागले. परस्परांपासून स्वतंत्र मानलेल्या जोखमी संकटकाळी एकत्र कोसळतात, हे यातून दिसून आले. मोजता येणारी जोखीम व मोजता न येणारी अनिश्चितता यांतील भेद फ्रँक नाइट याने १९२१ मध्येच स्पष्ट केला होता.

मानवी स्वभावाचा विचारही पुढे या शास्त्रात आला. डॅनिएल कानेमान व एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखविले की, तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख माणसाला अधिक जाणवते. लाभांशांतील बदलांच्या मानाने शेअरच्या भावांतील चढउतार फारच मोठे असतात, असे रॉबर्ट शिलर याने १९८१ मध्ये सांख्यिकीच्या आधारे मांडले. २०१३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक फामा व शिलर या परस्परविरोधी मतांच्या दोघांना, लार्स पीटर हॅन्सन याच्यासमवेत, विभागून देण्यात आले. भावांचे नजीकचे भाकीत करणे अवघड, तरीही भाव नेहमीच विवेकाला धरून असतात असे नाही, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. निवृत्तिवेतन निधींच्या द्वारे कोट्यवधी लोकांच्या बचती आज याच सिद्धांतांनुसार गुंतविल्या जातात; म्हणून सूत्रांइतकेच त्यांमागील गृहीतांचे ज्ञानही आवश्यक ठरते.