सोंगाआडचे राजकारण

सत्ताधाऱ्याला तोंडावर बोलता येत नाही तेव्हा माणसे त्याला सोंग चढवतात आणि मग बोलतात. अमेरिकेत रॉड सर्लिंग या लेखकाने दक्षिणेतल्या एका कृष्णवर्णीय मुलाच्या हत्येवरून दूरचित्रवाणीसाठी नाटक लिहिले. 1956 साली ते दाखवले गेले, पण कथेचे गाव दक्षिणेतून उचलून थेट न्यू इंग्लंडात नेऊन! जाहिरातदारांची तशी मर्जी. सर्लिंगने मग 1959 साली ‘ट्वायलाइट झोन’ ही मालिका सुरू केली. तीत परग्रहावरचे लोक वाटेल ते बोलत आणि कोणी हरकत घेत नसे. इंग्लंडात ‘डॉक्टर हू’ने 1988 साली एका दूरच्या वसाहतीवर अशी राज्यकर्ती बसवली की तिच्या राज्यात दुःखी दिसणे हाच गुन्हा. प्रेक्षकांनी तीत थॅचरबाई ओळखल्या.

आम्हांला परग्रहाची गरज कधी पडली नाही. विराटाचा दरबार हाताशी होता. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आले. कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकाला कोणी समजावून द्यावे लागले नाही. सरकारलाही ते समजले, आणि 1910 साली नाटकावर बंदी आली.

नागपूरकर याहून पुढे गेले. त्यांनी नाटकगृह सोडून सोंगच रस्त्यावर आणले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीतून काळी मारबत निघते. 1881 पासूनची ही चाल. कोणी तिला पूतना मावशी म्हणतात, कोणी म्हणतात ही इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची बाकाबाई. या दुसऱ्या ओळखीपाशी आम्ही थोडे थांबू इच्छितो, कारण येथे एका माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे.

बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघूजींची विधवा. 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर मातीमोलाने विकले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. वाड्यातले सामान हलवाल तर वाडाच पेटवून देईन, असे त्या वेळी बजावणारी वृद्धा हीच बाकाबाई. दाद मागण्यासाठी राण्यांचे वकील विलायतेपर्यंत गेले. पुढे 1857 च्या जूनमध्ये नागपुरातला उठावाचा बेत फसला, तेव्हा मात्र बाईंनी आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध जाऊ दिले नाही. हेही खरेच, आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण चार वर्षांत सर्वस्व गमावलेल्या त्या म्हातारीपुढे दुसरा कोणता मार्ग उरला होता, हे मिरवणुकीत कोण विचारणार?

1858 साली बाई गेल्या. मारबत निघाली तेव्हा त्यांना जाऊन वीस वर्षे उलटली होती, आणि सिव्हिल लाइन्समध्ये चीफ कमिशनर साहेब राज्य करीत होता. आमचा तर्क असा, की साहेबाचा पुतळा जाळणे कोणाला शक्य नव्हते. मेलेल्या राणीचा जाळता येत होता. म्हणजे राग होता साहेबावर आणि सोंग चढले बाईंच्या अंगावर. सर्लिंगच्या परग्रहवासीयांना निदान नातलग नव्हते!

मारबतीबरोबर बडगे निघतात, ते अधिक मोकळे. महागाई, लाचखोरी, हुंडा, त्या त्या वर्षी लोकांच्या मनातून उतरलेला पुढारी, असे कोणीही बडगा होते, आणि फलकावर सरळ काय ते लिहिलेले असते. तेथे ओळखण्याचे कोडे नसते. काळी आणि पिवळी मारबत नेहरू पुतळ्यापाशी भेटतात, गर्दीला ऊत येतो. रोगराई, इडापीडा घेऊन जा म्हणून लोक ओरडतात. आणि ज्या काळ्या मारबतीला थोड्या वेळाने जाळायचे, तिच्यापुढे आया पोराबाळांना घेऊन हात जोडतात.