गर्जनेचे पुत्र

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू येशूने जब्दीचे पुत्र याकोब व योहान या भावंडांना 'बोआनेर्गेस' असे नाव दिल्याचा उल्लेख आहे. त्याचा अर्थही तेथेच दिला आहे : गर्जनेचे पुत्र. विसाव्या शतकात हे नाव एका अगदी अनपेक्षित वस्तूच्या वाट्याला आले. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नावाने जगाला ठाऊक असलेल्या टी. ई. लॉरेन्स यांनी ते आपल्या मोटरसायकलीला दिले. नॉटिंगहॅमचे जॉर्ज ब्रफ बनवीत असलेली 'ब्रफ सुपीरियर' ही त्या काळातील सर्वांत महागड्या गाड्यांपैकी एक. तिचे 'एसएस १००' हे मॉडेल १९२४ साली आले, ते ताशी १०० मैल वेगाची हमी घेऊनच. लॉरेन्स यांनी अशा सात गाड्या वापरल्या. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेट परगण्यात, सायकलवरील दोन मुलांना वाचविण्याच्या प्रयत्नात त्यांचा तोल गेला आणि सहा दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. या मृत्यूने अस्वस्थ होऊन त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास आरंभला आणि शिरस्त्राणाचा पुरस्कार केला. ब्रिटनमध्ये हेल्मेट सक्तीचे झाले ते मात्र १९७३ साली.

जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींचे चाहते आज इंग्लंडात आहेत तसे अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आहेत आणि आपल्या पुण्या-मुंबईतही आहेत. चार चाहते एकत्र जमले की एकच प्रश्न चघळला जातो : सर्वश्रेष्ठ कोणती? ट्रायम्फ की नॉर्टन? गोल्ड स्टार की व्हिन्सेंट? हा वाद हौशी मंडळींचा म्हणून हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. त्यात एका मोठ्या उद्योगाच्या उदयास्ताचा इतिहास दडलेला आहे. आमचे तर असे मत बनले आहे की, ज्या गुणांसाठी या गाड्या वाखाणल्या गेल्या, त्या गुणांच्या स्तुतीनेच त्यांच्या कारखानदारांचे डोळे दिपवून टाकले.

आरंभ ट्रायम्फपासून करू. कोव्हेंट्रीची ही कंपनी स्थापन करणारे सिगफ्रीड बेटमन हे मूळचे न्यूरेंबर्गचे ज्यू गृहस्थ. पुढे ते कोव्हेंट्रीचे महापौरही झाले. १९३७ साली एडवर्ड टर्नर या अभिकल्पकाने 'स्पीड ट्विन' ही ५०० सीसीची गाडी बाजारात आणली. तिच्या दोन सिलिंडरांची मांडणी शेजारी-शेजारी उभी होती. एका सिलिंडरच्या इंजिनापेक्षा ते फारसे रुंद नव्हते, वजनाने बेताचे होते आणि सुरू करावयास सोपे होते. दुसरे महायुद्ध संपल्यावर बीएसए, नॉर्टन, एरियल, मॅचलेस, रॉयल एनफिल्ड या सर्वांनी थोड्याच वर्षांत हाच आराखडा उचलला. एका माणसाच्या कल्पनेने अवघ्या उद्योगाला वळण लावावे, असे क्वचितच घडते. १९५९ साली त्याच वंशातील ६५० सीसीची, दोन कार्बोरेटरांची 'बॉनव्हिल' आली. अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिल नावाचे मिठाचे विस्तीर्ण मैदान आहे. तेथे १९५६ साली जॉनी ॲलन यांनी ट्रायम्फ इंजिन बसविलेले वाहन ताशी २१४ मैल वेगाने पळविले होते. आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या विक्रमाला मान्यता दिली नाही, पण कंपनीने ते नावच गाडीला देऊन टाकले! चाहत्यांची मते मोजली तर बॉनव्हिलचे पारडे बहुधा आजही जड भरेल.

तथापि या मांडणीत एक जन्मजात दोष होता. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जात आणि एकाच वेळी खाली येत. त्यामुळे वेग वाढला की सारी गाडी थरथरू लागे. ५०० सीसीला ते सोसले. ६५० आणि ७५० सीसीला स्वाराच्या हातांना मुंग्या येऊ लागल्या, दिव्यांचे बल्ब जाऊ लागले, नट सैल होऊ लागले.

नॉर्टनचे चाहते येथेच बोट ठेवतात. त्यांच्या दृष्टीने गाडीचा आत्मा इंजिनात नसतो, चासीत असतो. बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी नॉर्टनसाठी जी नवी चासी तयार केली, ती १९५० साली शर्यतीत उतरली आणि जेफ ड्यूक यांनी त्याच वर्षी आइल ऑफ मॅन बेटावरील 'सीनियर टीटी' जिंकली. हॅरल्ड डॅनियल या शर्यतपटूने तिच्यावर बसून पाहिले आणि पिसांच्या गादीवर बसल्यासारखे वाटते, असा अभिप्राय दिला. तेव्हापासून ती 'फेदरबेड' या नावाने ओळखली जाऊ लागली. वळणावर नॉर्टन जशी रस्ता धरून राहते तशी दुसरी कोणतीही गाडी राहत नाही, हा दावा ट्रायम्फवालेही खासगीत मान्य करतात. पुढे १९६७ साली आलेल्या 'कमांडो'मध्ये नॉर्टनने थरथरीवर एक नामी उपाय योजिला. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे चाक धरणारा भाग हे सारे एकत्र जोडून रबराच्या आधारावर चासीत बसविले, म्हणजे कंप इंजिनाला, स्वाराला नव्हे. 'मोटरसायकल न्यूज' या साप्ताहिकाच्या वाचकांनी १९६८ ते १९७२ अशी सलग पाच वर्षे कमांडोला वर्षातील सर्वोत्तम गाडी ठरविले. उपाय चतुराईचा होता खरा. पण दोष मुळातून काढण्याऐवजी तो रबराने झाकला, असेही म्हणता येईल.

ट्रायम्फ आणि नॉर्टन यांच्या भांडणाचा निकाल तरुणांनी आपल्या परीने लावला होता. ट्रायम्फचे इंजिन काढून ते नॉर्टनच्या फेदरबेड चासीत बसवायचे आणि त्या संकराला 'ट्रायटन' म्हणायचे. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरील 'एस कॅफे' हा अशा गाड्यांचा अड्डा. चहा प्यायचा, ग्रामोफोनच्या पेटीत नाणे टाकायचे आणि गाणे संपण्याच्या आत पुढच्या चौकाला वळसा घालून परत यायचे, अशी दंतकथा त्या जागेभोवती रूढ झाली. ताशी १०० मैल गाठणे हा तेथील तरुणांचा ध्यास होता. त्यात कित्येक कोवळी पोरे प्राणास मुकली. वृत्तपत्रांनी त्यांना गुंड ठरविले. हॅकनी विक येथील अँग्लिकन धर्मगुरू बिल शेरगोल्ड हे स्वतः मोटरसायकल चालवीत. १९६२ साली ते धीर एकवटून एस कॅफेत गेले आणि त्यांनी त्या मुलांना चर्चमधील उपासनेचे आमंत्रण दिले. मुले आली, गाड्यांसह आली. चर्चच्या 'फिफ्टी नाइन क्लब'मध्ये त्यांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि पाहता पाहता त्याची गणना जगातील मोठ्या मोटरसायकल क्लबांत होऊ लागली. आम्हा धर्मगुरूंना ही हकीकत सांगताना थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी तो खपवून घ्यावा.

बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मूळची बंदुका बनविणारी कंपनी. ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर शर्यतीत ताशी १०० मैलांच्या वर फेरी मारणाऱ्यास सोन्याचा तारा मिळत असे. १९३७ साली वॉल हँडली यांनी बीएसएवर तो मिळविला आणि पुढच्या वर्षी 'गोल्ड स्टार' जन्मास आली. एकच सिलिंडर, पण तिचे कौतुक करणाऱ्यांची निष्ठा जवळजवळ धार्मिक म्हणावी अशी. १९५६ चे ५०० सीसीचे 'डीबीडी ३४' हे तिचे परिपूर्ण रूप मानतात. शर्यतीच्या गिअरबॉक्सची गाडी पहिल्या गिअरमध्येच ताशी ६० मैलांच्या आसपास जाई. अशी गाडी शहराच्या गर्दीत हाकणे म्हणजे शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपणे होय.

व्हिन्सेंटचा पक्ष घेणारे या सर्व चर्चेत फारसे बोलत नाहीत. त्यांना त्याची गरज वाटत नसावी. फिलिप व्हिन्सेंट आणि ऑस्ट्रेलियन अभियंता फिल आयर्विंग यांनी स्टीव्हनेज येथे घडविलेली ९९८ सीसीची 'ब्लॅक शॅडो' १९४८ साली आली. तिचा वेग ताशी १२५ मैल. स्वतंत्र चासीचा सांगाडा जवळजवळ नव्हताच. इंजिनच गाडीचा कणा होते. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला रोली फ्री या अमेरिकन स्वाराने बॉनव्हिलच्या मैदानावर व्हिन्सेंट ताशी १५०.३१३ मैल वेगाने पळविली, तीही केवळ पोहण्याची चड्डी घालून, गाडीवर पालथे पडून! त्यांचे ते छायाचित्र जगभर गाजले. कौतुक एवढे झाले, पण परवडणारे गिऱ्हाईक कमी. डिसेंबर १९५५ मध्ये व्हिन्सेंटची शेवटची गाडी तयार झाली.

चाहत्यांच्या यादीत सहसा वर न येणाऱ्या एका गाडीचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. बीएसएची 'बँटम' ही १९४८ ची १२५ सीसीची लहानशी गाडी. तिचा आराखडा युद्धभरपाई म्हणून जर्मनीच्या डीकेडब्ल्यू कंपनीकडून मिळालेला होता. डाकखात्याचे तारवाले, शिकाऊ कामगार, रोज कामावर जाणारे सामान्य लोक तिचा उपयोग करीत. ती काही लाखांच्या संख्येने खपली. त्याच जर्मन आराखड्यावरून जपानमध्ये यामाहाने १९५५ साली आपली पहिली मोटरसायकल बनविली. एकच बीज दोन शेतांत पडले. एका शेतकऱ्याने त्याची मशागत केली. दुसऱ्याने ते बांधावरचे पीक समजून दुर्लक्षिले.

कारण ब्रिटिश कारखानदारांना वाटत होते की लहान गाड्या जपान्यांनी खुशाल बनवाव्यात. त्यांच्यावर शिकलेला तरुण मोठा झाला की आपल्याच दारी येईल. एडवर्ड टर्नर १९६० साली जपानला गेले, तेथील कारखाने पाहून थक्क झाले आणि परत येऊन त्यांनी धोक्याचा इशारा देणारा अहवाल लिहिला. त्यावर व्हावे तसे काही झाले नाही. १९६९ साली होंडाची 'सीबी ७५०' आली : चार सिलिंडर, बटण दाबताच सुरू होणारे इंजिन, पुढे डिस्क ब्रेक आणि ऑइलचा एक थेंबही जमिनीवर नाही. ब्रिटिश इंजिनाचे कवच उभे दुभागलेले असे व त्या सांध्यातून ऑइल पाझरत असे. निष्ठावंत गिऱ्हाईक त्याकडे प्रेमाने पाही, 'आत ऑइल आहे याची खूण' म्हणून विनोद करी. गिऱ्हाईकच तक्रार करीत नाही तर कारखान्याने नवी यंत्रसामग्री का घ्यावी? आमच्या मते खरी गोम येथे आहे. १९७१ साली बीएसए-ट्रायम्फने नवी चासी आणली, तर सीट इतकी उंच झाली की बेताच्या उंचीच्या स्वाराचे पाय जमिनीला टेकेनात.

पुढचा इतिहास दुःखद आहे. १९७३ साली बीएसए-ट्रायम्फचे नॉर्टनमध्ये विलीनीकरण झाले आणि सप्टेंबरमध्ये मेरिडन येथील ट्रायम्फचा कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. कामगारांनी फाटकाला कुलूप लावून ठिय्या दिला. वर्षभराहून अधिक काळ ते तेथे बसून होते. अखेर उद्योगमंत्री टोनी बेन यांच्या पाठिंब्याने आणि सरकारी कर्जाच्या बळावर १९७५ साली कामगारांची सहकारी संस्था स्थापन होऊन बॉनव्हिल पुन्हा बाहेर पडू लागली. सहकाराचे बळ आणि त्याची दुखणी या दोहोंशी महाराष्ट्रातील वाचकांचा चांगला परिचय आहे. नवे मॉडेल काढावयास भांडवल नाही, हे तेथील मुख्य दुखणे. १९८३ साली ती संस्था मिटली. ट्रायम्फचे नाव जॉन ब्लूर या बांधकाम व्यावसायिकाने विकत घेतले आणि १९९१ पासून हिंकली येथून सर्वस्वी नव्या ट्रायम्फ येऊ लागल्या. 'श्रेष्ठ कोणती' या वादात बॉनव्हिलचा वेग सांगणारे पुष्कळ भेटतात. थंडीत मेरिडनच्या फाटकावर शेकोटी पेटवून बसलेल्यांचे नाव कोणी काढीत नाही.

रेडिच येथील रॉयल एनफिल्डची 'बुलेट' शर्यतींच्या यादीत कधी फार वर नव्हती. पण ती सीमेवरील गस्तीसाठी भारतीय सैन्याच्या पसंतीस उतरली आणि १९५५ साली मद्रासला तिचा कारखाना निघाला. प्रथम इंग्लंडहून भाग येत, पुढे सारी गाडी येथेच होऊ लागली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, १९७० पर्यंत इंग्लंडातील एनफिल्ड संपली, आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट इंग्लंडला जाऊ लागली! आमच्या पिढीने लहानपणी पाहिलेली बुलेट ती हीच. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, न्यूट्रल शोधण्यासाठी वेगळी दांडी. ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबावयाची, डीकॉम्प्रेसर ओढावयाचा, मग दणदणीत किक. ही विद्या ज्याला साधली नाही त्याच्या नडगीवर किकचा उलटा तडाखा ठरलेला. ओतीव लोखंडाचे ते इंजिन या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरपर्यंत तयार होत होते. गल्लीतल्या मेकॅनिकला ते उघडता येत होते आणि बंद करता येत होते, म्हणून ते टिकले.

आता या नावांचे वारसदार पाहा. बीएसए हे नाव २०१६ साली महिंद्र समूहातील कंपनीने घेतले आणि २०२१ मध्ये नवी ६५२ सीसीची गोल्ड स्टार इंग्लंडात सादर केली. नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने घेतली. ट्रायम्फ अजून इंग्रजांचीच, पण २०२३ पासून तिच्या ४०० सीसीच्या गाड्या पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात. पाण्याने थंड होणाऱ्या, बटणावर सुरू होणाऱ्या, ऑइल न गाळणाऱ्या गाडीला गोल्ड स्टार म्हणावे काय, यावर बर्मिंगहॅमच्या जुन्या चाहत्यांत आता नवा वाद जुंपला आहे.