विंचवाचा उतारा : मंत्रापासून प्राझोसिनपर्यंत

१. सप्टेंबरअखेर वाशीम, रिसोड, मालेगावच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी सुरू होते. कापलेले पीक उचलताना, सुडी रचताना किंवा घरी परतल्यावर सरपणात हात घालताना एखाद्याला विंचू डसतो. अशा माणसाला पूर्वी प्रथम विंचू उतरवणाऱ्याकडे नेले जाई. बहुतेक जण बरे होत, काही जण मात्र दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहत नसत. असे का होते, याचा उलगडा महाराष्ट्रातीलच एका ग्रामीण आरोग्य केंद्रातून झाला. त्याचा हा इतिहास.

२. विंचू हा खरे तर कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि तो कोळी व गोचीड यांचा भाऊबंद आहे. प्राचीन वैद्यकाने मात्र त्याला कीटकांतच गणले. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचे मंदविष, मध्यमविष आणि तीव्रविष असे तीन वर्ग केले असून त्यांची संख्या तीस सांगितली आहे. पहिल्या वर्गाचा संबंध शेणाशी, तर दुसऱ्याचा लाकूड व विटांशी जोडला आहे. ‘शेणातून विंचू जन्मतो’ ही समजूत चुकीची होती, परंतु त्यामागचे निरीक्षण खरे होते. गोवऱ्यांची रास, सरपण आणि विटांचे ढीग ही आजही विंचवाची आवडती ठिकाणे आहेत.

३. सोळाव्या शतकात पैठणच्या संत एकनाथांनी विंचवाच्या दंशावर भारूड रचले. त्यातला विंचू काम-क्रोधाचा आणि उतारा सत्त्वगुणाचा आहे. रूपक आध्यात्मिक असले तरी त्यातील एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. दंश झालेल्याच्या अंगाला घाम सुटतो, असे एकनाथ सांगतात. या घामाचा वैद्यकीय अर्थ लागण्यास पुढे चारशे वर्षे जावी लागली.

४. मंत्राला यश येते, असे लोकांना का वाटे? विंचवाचे बहुसंख्य दंश जीवघेणे नसतात. असह्य वेदना होतात आणि काही तासांनी त्या आपोआप ओसरतात. तेवढा वेळ मंत्र चालू असला की श्रेय मंत्राला मिळे. धोका होता तो याच हिशेबात. विष सर्व शरीरात भिनलेल्या गंभीर रुग्णांत दंशाच्या जागी वेदना अनेकदा कमीच असते. ‘वेदना नाही, म्हणजे विष उतरले’ असे मानून घरचे निर्धास्त होत आणि तिकडे रुग्णाचे हृदय थकत जाई.

५. विंचवाच्या आकारावरूनही फसगत होई. मोठा काळा विंचू भीतिदायक दिसतो, पण त्याचे विष तुलनेने सौम्य असते. प्राण घेतो तो त्याच्याहून लहान, तांबूस रंगाचा लाल विंचू. कोकणापासून विदर्भापर्यंत त्याचा वावर आहे.

६. १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुंडले यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विंचूदंशानंतर रुग्णाच्या फुफ्फुसांत पाणी साठते, याची त्यात नोंद होती. मृत्यू कसा येतो हे कळले, तो टाळावा कसा हे कळले नव्हते. त्या काळात लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्या रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत.

७. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ साली सध्याच्या जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात, गरीब कुटुंबात झाला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि १९७६ मध्ये महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे विंचूदंशाचे रुग्ण सतत येत. त्यांत धडधाकट शेतकरी असत, तशी लहान मुलेही असत.

८. हाताशी मोठी यंत्रसामग्री नसताना बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून टिपणे ठेवण्यास प्रारंभ केला. त्यांतून एक क्रम पुढे आला. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय आणि पुरुषांत लिंगाची अनैच्छिक ताठरता ही लक्षणे सुरुवातीलाच दिसली, तर पुढे हृदयावर आघात होण्याची शक्यता असते. १९८२ मध्ये हे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भारुडातला घाम आता निदानाची खूण ठरला होता.

९. या लक्षणांचे मूळ विषाच्या क्रियेत आहे. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग बंद होऊ देत नाही. त्यामुळे मज्जातंतू सतत उद्दीपित राहतात आणि अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा शरीरात लोंढा येतो. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, त्या दाबाविरुद्ध झुंजणारे हृदय दुबळे होते आणि फुफ्फुसांत पाणी भरते.

१०. म्हणजे आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करता आल्या, तर हृदयावरचा भार उतरणार होता. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिले. ते शिरेतून द्यावे लागे आणि त्यावर अखंड देखरेख लागे. खेड्यात ते कठीण होते. मग त्यांनी प्राझोसिन निवडले. उच्च रक्तदाबावरची ही साधी गोळी त्या अतिरेकी उद्दीपनाचा परिणाम नेमका रोखते. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा याविषयीचा निबंध १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला.

११. परिणाम विलक्षण होता. प्राझोसिनचा वापर रूढ झाल्यावर मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. तालुक्याच्या दवाखान्यात मिळू शकणाऱ्या स्वस्त गोळीने हे साधले होते.

१२. दरम्यान विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झाले. बावस्कर दांपत्याने प्रतिविषासह प्राझोसिन आणि केवळ प्राझोसिन यांची तुलना ७० रुग्णांवर केली. २०११ मध्ये ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ३२ होते, तर दुसऱ्या गटात ३५ पैकी ८. पन्नास वर्षांपूर्वी ज्या नियतकालिकात फुफ्फुसांतील पाण्याची नोंद झाली, तेथेच त्यावरच्या उपचाराचा हा पुढचा टप्पा नोंदला गेला. २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री जाहीर झाली.

१३. तथापि गोळी कितीही गुणकारी असली, तरी रुग्ण वेळेवर पोहोचला तरच ती उपयोगी पडते. दंशाची जागा कापणे, रक्त चोखणे, घट्ट आवळून बांधणे हे सारे निरुपयोगी आहे, शिवाय अपायकारकही. घाम, उलटी किंवा गार हातपाय दिसल्यास एक क्षणही न दवडता आरोग्य केंद्र गाठावे. मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहू नये.

१४. दंश टाळण्याचे उपाय जुन्या घरांतील वडीलधारी माणसे सांगत आली तेच आहेत. पायताण झटकून घालावे, अंथरूण झाडून घ्यावे, खाट भिंतीपासून दूर ठेवावी, सरपण-गोवऱ्यांत उघडा हात घालू नये, रात्री उजेडाशिवाय अंगणात उतरू नये. सोंगणीच्या दिवसांत वाशीमच्या शिवारात याला जोड हवी ती जाड हातमोज्यांची आणि बंद पादत्राणांची.

१५. बिरवाडीत घामाची नोंद करणाऱ्या डॉक्टरांनी कोणतेही नवे औषध शोधले नव्हते. रक्तदाबाची गोळी बाजारात होतीच आणि दंशानंतर सुटणारा घाम तर महाराष्ट्राने शतकानुशतके पाहिला होता. त्या दोहोंची सांगड घालण्यासाठी कोणीतरी मरणाऱ्या रुग्णाजवळ थांबून नीट पाहण्याची गरज होती.