बाक, बँक आणि दिवाळं

गटाची बैठक संपली की आपल्यातलीच कुणीतरी म्हणते, "चला, पैसे बँकेत भरून येऊ." बँक हा शब्द आता आपल्याला घरचाच वाटतो. पण तो आला कुठून? आज त्याचीच गोष्ट सांगणार आहोत.

सात-आठशे वर्षांपूर्वी इटलीत फ्लॉरेन्सचं नाणं वेगळं, व्हेनिसचं वेगळं. ती बदलून देणारे सराफ भर चौकात लाकडी बाक मांडून बसायचे. तिथल्या भाषेत बाकाला म्हणत बांको किंवा बांका. पुढे त्या धंद्याचंच नाव बांका पडलं. ते फ्रेंचांनी उचललं, त्यांच्याकडून इंग्रजांनी घेतलं, आणि झाली बँक.

गंमत म्हणजे पोर्तुगीज भाषेतही बाकाला बांकोच म्हणतात. त्यावरूनच गोव्यातल्या कोकणीत बांक आला आणि आपल्या मराठीत बाक. म्हणजे पोरं शाळेत ज्यावर बसतात तो बाक आणि आपण जिच्या रांगेत उभ्या राहतो ती बँक, ही सख्खी भावंडं!

इंग्रजीत नदीच्या काठालाही बँक म्हणतात. ती वाट निराळी, उत्तरेकडच्या लोकांच्या बोलीतून आलेली. पण मूळ कूळ एकच, असं भाषेचे जाणकार मानतात. रक्तपेढीला ब्लड बँक म्हणतात, ते मात्र साठवणुकीवरून.

सराफ बुडाला की इटलीत म्हणत 'बांका रोत्ता', म्हणजे बाक मोडला. इंग्रजीतला बँकरप्ट त्यातूनच आला. आपल्याकडे बुडालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावायचा, म्हणून दिवाळं, असं जुनी माणसं सांगतात. बुडाल्याचं दुःख सगळीकडे सारखंच, नाही का?

पुढे चौकातला बाक गेला, काउंटर आलं. आणि काउंटरपलीकडून बाईला पहिला प्रश्न यायचा, "सही येते का?" सातारा जिल्ह्यात म्हसवडच्या बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. कारण काय, तर सभासद बायका निरक्षर! त्या लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा साहेबांपुढे गेल्या. म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला विचारा. तुमच्या माणसांनाही सांगा, कॅल्क्युलेटर न घेता काढा, बघू कोण आधी सांगतं. परवाना मिळाला. १९९७ साली म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.