दाहक प्रथिने, जिवाणुसंसर्गातील

जिवाणूंची चाहूल लागताच महाभक्षी पेशी (मॅक्रोफेज) व इतर प्रतिकारपेशी बाहेर सोडतात ती संदेशवाहक प्रथिने. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर (टीएनएफ), इंटरल्यूकिन-१ बीटा व इंटरल्यूकिन-६ ही त्यांतील प्रमुख. ताप येणे, रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरणे, रक्तदाब कोसळणे या गोष्टींचा दोष सहसा जिवाणूंच्या विषाला दिला जातो. पुरावा मात्र बहुतांशी आपल्याच पेशींकडे बोट दाखवतो. ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाह्यावरणातील लायपोपॉलिसॅकराइड इतर उंदरांना मारक ठरेल एवढे टोचले, तरी सी३एच/एचईजे वाणाचे उंदीर तगतात. मात्र किरणोत्साराने त्यांची अस्थिमज्जा नष्ट करून तिथे सामान्य उंदरांची मज्जा घातली, की तेही त्याला बळी पडतात. म्हणजे मारक ठरते ती मज्जेतून उपजलेल्या पेशींची प्रतिक्रिया. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने या उंदरांच्या, लायपोपॉलिसॅकराइड ओळखणाऱ्या टीएलआर४ या ग्राहीत एकच अमिनो आम्ल बदललेले असल्याचे दाखवले. २०११ च्या नोबेल पारितोषिकात बॉयटलर यांचा वाटा होता.

प्रथिन तयार होणे आणि ते बाहेर पडणे यांवर वेगवेगळे पहारे आहेत, ही या यंत्रणेतील सर्वांत लक्षणीय गोष्ट. टीएलआर४ चा संदेश केंद्रकात पोचला की जनुके जागी होतात. टीएनएफ आधी पेशीपटलावर येते आणि एक विकर ते छाटून मोकळे करते. इंटरल्यूकिन-१ बीटा निष्क्रिय रूपात पेशीतच थांबते. धोक्याचा दुसरा इशारा मिळाल्यावर इन्फ्लमसोम हा प्रथिनसमूह जुळतो, कॅस्पेस-१ हे विकर इंटरल्यूकिन-१ बीटाला कापून कार्यक्षम करते, गॅसडर्मिन-डी पटलाला छिद्रे पाडते आणि त्यांतून ते निसटते; पुष्कळदा पेशीही मरते. इतकी राखण आहे, यावरूनच या प्रथिनांची घातकता कळते.

घटसर्प व धनुर्वात यांची विषे पेशींवर थेट आघात करतात. तिथे हे विवेचन लागू पडत नाही. आक्षेप उरतो तो असा, की दोष प्रथिनांचा असेल तर ती अडवावीत. १९८७ मध्ये टीएनएफविरोधी प्रतिपिंडे आधीच दिलेली बबून माकडे जिवाणुजन्य आघातातून वाचलीही. परंतु १९९० च्या दशकातील सेप्सिस-रुग्णांवरील चाचण्यांनी निराशा केली. रुग्ण उपचाराला येतो तेव्हा टीएनएफची पहिली लाट बहुधा ओसरलेली असते, हे त्याचे एक कारण. दुसरे अधिक मूलभूत आहे: हीच प्रतिक्रिया जिवाणूंना रोखायलाही लागते. लायपोपॉलिसॅकराइड पचवणारे तेच उंदीर जिवंत साल्मोनेलाच्या अल्प संसर्गाने दगावतात. संधिवातावर टीएनएफरोधक औषधे घेणाऱ्यांत सुप्त क्षय पुन्हा उफाळू शकतो. म्हणून ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात.