आधी भाडे, मग विक्री : विजेवरच्या छोट्या मोटारीचा सावध प्रवेश

पुण्याहून निघालेली मोटार खंबाटकी घाट ओलांडून, साताऱ्यामार्गे कराडलगतच्या मलकापूरला पोचते, तेव्हा तिने सुमारे 160 किलोमीटर अंतर कापलेले असते. पेट्रोलच्या मोटारीला हे अंतर किरकोळ. मात्र टाटा मोटर्सने 2017 मध्ये तयार केलेल्या 'टिगोर ईव्ही'ची प्रमाणित क्षमता एका चार्जिंगमध्ये 142 किलोमीटर होती. म्हणजे चाचणीतील आदर्श स्थिती गृहीत धरली तरी ती वाटेत थांबल्याशिवाय मलकापूरला पोचली नसती. ही मोटार सुरुवातीला सामान्य ग्राहकांना का विकली गेली नाही, याचे एक उत्तर या साध्या हिशेबात आहे.

भाड्याचा मार्ग कशासाठी?

विजेवरच्या मोटारीत सर्वांत महाग भाग बॅटरीचा. वापराबरोबर तिची साठवणक्षमता घटत जाते. पाच-सहा वर्षांनी ती किती उरेल आणि जुन्या मोटारीला काय किंमत येईल, याचा अंदाज सुरुवातीच्या काळात ना उत्पादकाला होता, ना ग्राहकाला. मोटार विकली की ही जोखीम खरेदीदाराच्या माथी येते. भाडेतत्त्वावर दिली की मालकीबरोबर जोखीमही मालकाकडेच राहते. शिवाय मोटार ठरावीक मुदतीनंतर परत येते, तिची तपासणी करता येते आणि दोष आढळल्यास नाव फारसे खराब न होता माघार घेता येते.

सरकार हेच पहिले गिऱ्हाईक

टाटा मोटर्सने यातही आणखी सुरक्षित वाट निवडली. केंद्र सरकारच्या सार्वजनिक उपक्रमांनी मिळून स्थापन केलेल्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड (ईईएसएल) या कंपनीने 2017 मध्ये विजेवरच्या 10 हजार मोटारींसाठी निविदा काढली. टाटा मोटर्सची बोली सर्वांत कमी, म्हणजे जीएसटी वगळून 10.16 लाख रुपयांची ठरली. महिंद्र अँड महिंद्रलाही काही मोटारींचा वाटा मिळाला. पहिल्या टप्प्यात 500 मोटारी पुरवायच्या होत्या. पहिली टिगोर ईव्ही डिसेंबर 2017 मध्ये गुजरातेतील साणंद येथील कारखान्यातून बाहेर पडली.

या मोटारी ईईएसएलने विकत घेतल्या आणि सरकारी कार्यालयांना भाड्याने दिल्या. त्यामुळे उत्पादकाला हमखास गिऱ्हाईक मिळाले, कार्यालयांना मोठी रक्कम एकदम गुंतवावी लागली नाही आणि बॅटरीच्या भवितव्याची चिंता मधल्या कंपनीने पत्करली. महाराष्ट्र सरकारनेही 2018 मध्ये ईईएसएलकडून अशा मोटारी भाड्याने घेण्याचा करार केला.

अनुभव मात्र संमिश्र होता. प्रत्यक्ष रस्त्यावर मोटार अपेक्षेइतके अंतर कापत नाही, अशी काही सरकारी अधिकाऱ्यांची तक्रार असल्याची वृत्ते 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. चार्जिंग केंद्रांची वानवा होती. 10 हजार मोटारींचे उद्दिष्ट ठरलेल्या वेळेत गाठता आले नाही.

परदेशातील दोन धडे

ही सावधगिरी नवी नव्हती. अमेरिकेतील जनरल मोटर्सने 1996 मध्ये 'ईव्ही-1' ही दोन आसनी मोटार फक्त भाडेतत्त्वावर दिली. एकूण 1,117 मोटारी तयार झाल्या. मुदत संपल्यावर अनेक वापरकर्त्यांनी ती विकत घेण्याची तयारी दाखविली. परंतु कंपनीने मोटारी परत घेतल्या आणि बहुतेक नष्ट केल्या. थोड्याच मोटारी संग्रहालये व विद्यापीठांकडे गेल्या. भाड्याच्या करारात अंतिम शब्द मालकाचाच असतो, हे त्या वापरकर्त्यांना अशा रीतीने कळले.

बीएमडब्ल्यूने 2009 मध्ये 'मिनी ई' अमेरिकेत दरमहा 850 डॉलर भाड्याने, एक वर्षाच्या कराराने दिली. बॅटरीने मागच्या आसनांची जागाच व्यापली होती. याही मोटारी परत घेण्यात आल्या. पण त्यांच्या वापरातून मिळालेली माहिती 2013 मध्ये विक्रीस आलेल्या 'आय-3'च्या घडणीत उपयोगी पडली.

पुढचे पाऊल

भारतातील प्रयोगाची दिशा दुसऱ्या धड्याकडे वळली. ऑगस्ट 2019 पासून विजेवरच्या वाहनांवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. ऑक्टोबर 2019 मध्ये 213 किलोमीटर क्षमतेची सुधारित टिगोर ईव्ही खासगी ग्राहकांसाठीही खुली झाली. जानेवारी 2020 मध्ये 'नेक्सॉन ईव्ही' आली. तिची बॅटरी 30.2 किलोवॉट-तासांची आणि प्रमाणित क्षमता 312 किलोमीटर होती. पुणे ते मलकापूर हा प्रवास एका दमात आवाक्यात आला. परतीसाठी मात्र चार्जिंगची सोय पाहणे शहाणपणाचे होते.

भाड्याची कल्पना तरीही मागे पडली नाही. महिंद्रने 'ई-टू-ओ' या छोट्या मोटारीसाठी 2014 मध्येच बॅटरीचे शुल्क दरमहा वेगळे आकारण्याची योजना आणली होती. सप्टेंबर 2024 मध्ये एमजीची 'विंडसर' 9.99 लाख रुपये आणि बॅटरीसाठी प्रतिकिलोमीटर 3.50 रुपये अशा दराने बाजारात आली. मोटार ग्राहकाची, बॅटरीचा मोबदला वापराप्रमाणे, असा हा मधला मार्ग.

करार करताना

अशी मोटार घेणाऱ्याने मासिक हप्त्यापलीकडे पाहणे आवश्यक आहे. किलोमीटरची मर्यादा किती, किमान शुल्क आहे काय, विमा आणि दुरुस्ती कोणाकडे, बॅटरीची क्षमता किती घटल्यावर ती बदलून मिळेल, मुदतीअखेर मोटार विकत घेण्याचा हक्क आहे की नाही, हे प्रश्न आधी विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. उत्पादक सावधपणे पाऊल टाकत असेल, तर ग्राहकानेही तितकेच सावध असावे. 'ईव्ही-1' हौसेने चालविणाऱ्यांना मोटार परत करावी लागली, ती बिघडली म्हणून नव्हे. ती त्यांची नव्हती म्हणून.