क्रूझ कंट्रोल : बिघाड व निदान (जव्हार–मोखाडा परिसर)

ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता मोटारीचा ठरवलेला वेग टिकवणाऱ्या यंत्रणेतील दोष व ते शोधण्याची रीत. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगरी तालुक्यांत ही यंत्रणा वापरावी असा सरळ रस्ता थोडाच. दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही; जाणे-येणे एसटी, जीप, टेम्पो आणि खासगी मोटारींवर चालते, आणि त्यांतल्या बहुतेक गाड्यांना क्रूझ कंट्रोल नसतेच. ज्यांना असते त्यांची तक्रार घरापासून दूर उमटते. गाडी विक्रमगडमार्गे उतरून मनोरला मुंबई–अहमदाबाद महामार्गाला लागते, किंवा त्र्यंबकेश्वर–घोटीकडून समृद्धी महामार्गावर चढते, आणि तिथे ‘सेट’चे बटण दाबले तरी दिवा लागत नाही. त्यामागचे कारण पुष्कळदा घाटात, चिखलात किंवा खड्ड्यांत आधीच घडून गेलेले असते.

इतिहास : लहानपणी अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकी अभियंते राल्फ टीटर यांना १९५० मध्ये या यंत्रणेचे पेटंट मिळाले. त्यांचे वकील बोलण्याच्या नादात गाडी हिसके देत चालवत, त्या त्रासातून कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. १९५८ मध्ये क्रायस्लरच्या मोटारींत ती प्रथम बसवली गेली.

रचना : जुन्या गाड्यांत निर्वातावर चालणारा पडदा आणि केबल थ्रॉटल ओढत, तिथे रबरी नळीला गेलेली चीर हा पहिला संशयित. नव्या गाड्यांत वेगळे यंत्र राहिलेले नाही. इंजिनाचा संगणक (ईसीएम) चाकांचा वेग वाचतो आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल कमी-जास्त उघडतो. ब्रेक, क्लच, चाके, थ्रॉटल आणि स्टिअरिंगवरची बटणे या सर्वांकडून येणारे संकेत जुळले तरच तो वेग धरतो. एक जरी संकेत संशयास्पद वाटला तर नकार देतो. म्हणून ‘क्रूझ बिघडले’ अशी तक्रार असलेल्या गाडीत क्रूझ सोडून बाकी सगळे आधी तपासावे लागते. काही कंपन्यांच्या गाड्यांत ‘चेक इंजिन’चा दिवा पेटला की क्रूझ आपोआप बंद राहते, मूळ दोष क्रूझशी संबंधित नसला तरीही.

ब्रेक स्विच : पेडलच्या दांड्याजवळ बसणारा हा स्वस्त भाग नेहमीचा दोषी आहे. त्याच्या आत बहुधा दोन परिपथ असतात. एक पेडल दाबल्यावर जुळतो आणि मागचे लाल दिवे लावतो. दुसरा पेडल मोकळे असताना जुळलेला असतो आणि दाबताच तुटतो. ईसीएम दोन्हींची सांगड घालतो. घाट उतरताना ब्रेक वारंवार लागतो, संपर्क झिजतात, आणि एका क्षणी दोन्ही परिपथांचे म्हणणे जुळेनासे होते. पेडलवरचा रबरी किंवा प्लॅस्टिकचा लहान ठोकळा फुटून पडला तर स्विच ‘ब्रेक दाबला आहे’ असेच सांगत राहतो. तपासणीला उपकरण लागत नाही. रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करून पाहावे : पेडल मोकळे असताना भिंतीवर लाल उजेड दिसला, किंवा दाबल्यावर दिसला नाही, तर पुढचे काही तपासण्याआधी फ्यूज, दिवे आणि स्विच पाहावेत. इलेक्ट्रिशियन कपलर काढून मल्टीमीटरने दोन्ही परिपथ तपासतो. स्कॅनरवर पी ०५७१ हा कोड आला तर रोख या परिपथाकडे असतो; चालत्या गाडीच्या वेगाचा संकेत हरवल्यास पी ०५००.

ब्रेकशी जोडलेला स्विच किती घातक ठरू शकतो याचे मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. फोर्डच्या अनेक मॉडेलांत क्रूझ बंद करणारा दाबस्विच ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवर होता. आतला पडदा फाटून ब्रेक ऑइल वीज असलेल्या संपर्कांपर्यंत पोहोचे, आणि बंद करून ठेवलेल्या गाडीलाही आग लागे. १९९९ ते २००९ या काळात टप्प्याटप्प्याने सुमारे १.४ कोटी वाहने परत बोलावली गेली.

क्लच स्विच : मॅन्युअल गाड्यांत असतो; तपासणी ब्रेक स्विचप्रमाणेच, मल्टीमीटरने.

चाकांचे सेन्सर : एबीएसचा दिवा आणि क्रूझची तक्रार एकत्र आली तर चाकाजवळ पाहावे. पावसाळ्यात सेन्सरच्या टोकावर चिखल व लोहकण साचतात, चाकाच्या कमानीतली वायर दगडाने किंवा सततच्या हलण्याने तुटते. वायरी उंदरांनी कुरतडणे ही भातखाचरांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांची वेगळी तक्रार. नव्या वायरींचे वनस्पतिजन्य आवरण याला जबाबदार आहे का, यावर मतभेद आहेत.

स्टिअरिंगची बटणे : हॉर्नही वाजत नसेल आणि एअरबॅगचा दिवा पेटला असेल तर स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग (गुंडाळलेली पट्टी-केबल) तुटलेली असण्याची शक्यता मोठी. ती काढताना एअरबॅग हाताळावी लागते; हे काम घरी करू नये.

रडार असलेले क्रूझ : पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा प्रकार. रडार जाळीमागे किंवा बंपरमध्ये, कॅमेरा काचेच्या वरच्या भागात. दाट धुके, मुसळधार पाऊस किंवा वाळलेला चिखल यांत असे क्रूझ स्वतःहून माघार घेते. आधी रडार व कॅमेऱ्यापुढची काच ओल्या फडक्याने पुसून पाहावी. पुढची काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन करून घ्यावे लागते. पुढे लावलेले लोखंडी गार्ड रडारच्या आड येतात. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डविरुद्ध कारवाईस राज्यांना सांगितले होते, ते मात्र पादचारी व गाडीतील प्रवासी यांच्या सुरक्षेसाठी.

दोष नसलेले ‘दोष’ : बहुतेक गाड्यांत ताशी साधारण ३० ते ४० किमीच्या खाली वेग धरलाच जात नाही. मोखाड्याकडून त्र्यंबकेश्वरला जाताना तोरंगण घाटात बटण प्रतिसाद देत नाही म्हणून गॅरेजला जाण्याचे कारण नाही. साधे क्रूझ ब्रेक लावत नाही, म्हणून उतारावर काटा ठरवलेल्या आकड्यापलीकडे जातो. चढावर उंच गिअरात गाडी दम टाकते. वळणाच्या व निसरड्या रस्त्यावर वापरू नये, असे कंपन्यांच्या पुस्तिकाच सांगतात.

वेग अडकल्यास : ब्रेक एकदाच घट्ट दाबावा, पुन्हापुन्हा सोडून दाबू नये. तेवढ्याने भागले नाही तर न्यूट्रल करावे; इंजिन ओरडले तरी चालेल. धावत्या गाडीत किल्ली पूर्ण फिरवून काढू नये, स्टिअरिंग लॉक होऊ शकते. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत बटण काही सेकंद दाबून धरावे लागते; नेमका काळ पुस्तिकेत दिलेला असतो.